ऑल ब्लॅक्स आणि स्प्रिंगबॉक्स : शंभर वर्षांची खुन्नस

वायकाटोवाला
नमस्कार मंडळी. खेळ विभागात क्रिकेट सोडून काही लिहिलं की चार प्रतिसाद येतात आणि त्यातले दोन "हा धागा कोणी वर काढला रे" असे असतात हे माहितीये, तरी रग्बीवर लिहितोय, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये. न्यूझीलंड (ऑल ब्लॅक्स) १०, दक्षिण आफ्रिका (स्प्रिंगबॉक्स) ४३. घरच्या मैदानावर! हाफटाइमला आम्ही १०-७ पुढे होतो (बारा वर्षं झाली न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला, "आम्ही" म्हणायला लागलोय, बायको हसते) आणि नंतरच्या चाळीस मिनिटांत ३६-०. ऑल ब्लॅक्सचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. त्याआधीचा सगळ्यात मोठा २०२३ चा, ट्विकनहॅमला ७-३५, तोही ह्यांच्याकडूनच. आणि गंमत म्हणजे वेलिंग्टनच्या एकच आठवडा आधी ऑकलंडला ईडन पार्कवर आम्ही ह्यांनाच २४-१७ हरवलं होतं. सोमवारी ऑफिसात सगळ्यांचे चेहरे असे की जणू कोणाकडे सुतक आहे, कॉफी मशीनपाशीसुद्धा कोणी "वीकेंड कसा गेला" विचारेना.

तर ही खुन्नस नक्की काय आहे ते लिहावं म्हटलं. आपल्याकडे भारत-पाक जसं, तसं रग्बीत हे. ह्या मॅचपर्यंत ११० टेस्ट (दोन देशांमधली अधिकृत मॅच) झाल्यात, न्यूझीलंडने ६३ जिंकल्या, आफ्रिकेने ४३, चार बरोबरीत. वर्ल्डकप दहा झाले त्यातले सात ह्या दोघांच्याच घरात, चार त्यांचे तीन आमचे. पण मला जे सांगायचंय ते ह्या आकड्यांत कुठेच नाही. ह्या मॅचेसचा इतिहास जेवढा मैदानावर खेळलेल्यांचा आहे तेवढाच ज्यांना मैदानावर येऊच दिलं नाही त्यांचाही आहे, आणि ते नाव कुठल्या स्कोअरकार्डात सापडत नाही.

पहिली टेस्ट १९२१, डनेडिन, न्यूझीलंड १३-५. दुसरी ईडन पार्कला आफ्रिका ९-५. तिसरी वेलिंग्टनला चिखलात, ०-०. म्हणजे पहिलीच सिरीज बरोबरीत, भांडण तिथेच पेटलं. पण त्याच दौऱ्यात नेपिअरला स्प्रिंगबॉक्स विरुद्ध माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) संघ अशी एक मॅच झाली, स्प्रिंगबॉक्स कसेबसे ९-८ जिंकले. दौऱ्याबरोबर आलेल्या आफ्रिकन पत्रकाराने रात्री घरी तार ठोकली, त्यात मॅचपेक्षा तळतळाटच जास्त. हजारो गोरे लोक रंगीत माणसांना चिअर करतात, तेही आपल्याच वंशाच्या लोकांविरुद्ध, काय हा प्रकार, अशा अर्थाचं. तार ऑफिसातल्या कोणाला तरी ते वाचून राहवलं नाही, मजकूर बाहेर फुटला आणि पेपरात छापून आला. आज व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट फुटतात ना, तसं.

त्याच्याही आधी, १९१९. पहिलं महायुद्ध संपल्यावर न्यूझीलंडच्या सैन्याची टीम इंग्लंडहून परत येताना आफ्रिकेत खेळायला उतरली. त्यात एक दणकट फॉरवर्ड होता, नॅथनिएल विल्सन, वडील वेस्ट इंडियन. त्याला खेळायला मनाई. टीम खाली उतरून दौरा खेळली आणि हा बाहेर. आणि त्याचं टोपणनाव माहितीये का काय होतं? रणजी! सगळीकडे "रणजी विल्सन" असंच लिहिलेलं सापडेल. त्या काळात सावळा माणूस आणि खेळ म्हटलं की जगाला एकच नाव आठवायचं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

१९२८ ला ऑल ब्लॅक्स पहिल्यांदा आफ्रिकेला गेले. जॉर्ज नेपिया नावाचा माओरी फुलबॅक, चार वर्षांपूर्वी ब्रिटनच्या दौऱ्यात एकही मॅच न हरलेल्या टीममधला हिरो, तो घरी. का, तर तिकडे गोऱ्यांखेरीज कोणी चालणार नाही. सिरीज २-२. नेपिया असता तर काय झालं असतं ह्यावर इथले म्हातारे अजून बिअर संपेपर्यंत बोलू शकतात.

१९३७ ला स्प्रिंगबॉक्स इथे येऊन सिरीज जिंकून गेले, शेवटची टेस्ट ईडन पार्कला १७-६. त्यानंतर आजतागायत ईडन पार्कवर त्यांना जिंकता आलेलं नाही. १९४९ ला आम्ही तिकडे जाऊन ४-० खाल्ले, परत माओरींशिवाय. त्या वर्षी ३ सप्टेंबरला तर कहर, ऑल ब्लॅक्स एकाच दिवशी दोन टेस्ट हरले, एक टीम डर्बनला आफ्रिकेकडून आणि दुसरी घरी वेलिंग्टनला ऑस्ट्रेलियाकडून. असा विक्रम मोडायचं म्हटलं तरी मोडता यायचा नाही.

बाकीचं उद्या, पोरीला स्विमिंगला सोडायचंय.

चिंच_गूळ
वायकाटोवाला उर्फ वावा, छान लिहिलंय! रग्बीतलं मला ओ की ठो कळत नाही, ते अंड्यासारखा बॉल घेऊन एकमेकांच्या अंगावर पडतात एवढंच माहिती, पण रणजी वाचून एकदम काटा आला अंगावर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अडाणी प्रश्न: रग्बी आणि ते हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल एकच ना?

आझादमैदान
@चिंच_गूळ ताई, नाही हो, त्यांच्याकडे हेल्मेट, खांद्यावर गाद्या, दर दहा सेकंदांनी ब्रेक. इथे तोंडात माउथगार्ड आणि वर देव. आणि बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. कबड्डी डोक्यात आणा, फक्त रेडर एकटा नाही, पंधरा जण आहेत आणि समोर पंधरा जण पकड करायला.

मी कॉलेजात असताना चार वर्षं पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर खेळलोय, स्क्रममध्ये पुढच्या रांगेत. स्क्रम म्हणजे आठ विरुद्ध आठ, डोकी एकमेकांत अडकवून ढकलायचं. माझा डावा कान अजून फुलकोबीसारखा आहे, आईने लग्नाच्या फोटोत तो बाजूचाच नको म्हणून फोटोग्राफरला उजवीकडून काढायला लावले होते. तर त्या अनुभवावर सांगतो, स्प्रिंगबॉक्सच्या स्क्रमसमोर उभं राहायला जिगर लागते. वावा, १९५६ लिही रे, केव्हिन स्किनर!

वायकाटोवाला
लिहितो लिहितो. १९५६ ला स्प्रिंगबॉक्स इकडे आले. तोपर्यंत आम्ही त्यांच्याविरुद्ध एकही सिरीज जिंकलो नव्हतो, पस्तीस वर्षं! अख्खा देश त्या दौऱ्याच्या मागे लागलेला. दोन टेस्टनंतर १-१, आणि स्क्रममध्ये आपली पोरं मार खातायत असं सगळ्यांचं मत झालं. म्हणून निवृत्त झालेल्या स्किनरला परत बोलावलं. हा गडी न्यूझीलंडचा हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन होऊन गेलेला. पुढचं समजून घ्या. आधी त्यांच्या एका प्रॉपशी (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला गडी) "बोलला", मग जागा बदलून दुसऱ्याशी "बोलला". क्राइस्टचर्चला १७-१०.

चौथी ईडन पार्क, साठ हजारांवर गर्दी. पीटर जोन्स नावाच्या फॉरवर्डने बॉल पायाने पुढे मारत नेऊन ट्राय मारला (म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला), ११-५, सिरीज ३-१. मॅच संपल्यावर माइक त्याच्या तोंडासमोर धरला, लाइव्ह रेडिओ, देशभर बायकापोरं कान लावून बसलेली, आणि हा म्हणाला की माझी पार वाट लागलीये, फक्त जो शब्द वापरला तो "वाट लागलीये"च्या बराच पुढचा होता. १९५६ च्या न्यूझीलंडमध्ये! अजून ती क्लिप इथे प्रेमाने ऐकवतात.

स्कोअरबोर्ड
लेख चांगला आहे. वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, जुने स्कोअर आजच्या स्कोअरशी ताडून बघू नका. ट्रायला पूर्वी ३ पॉइंट होते, मग १९७१ पासून ४, १९९२ पासून ५. त्यामुळे १९३७ चे १७-६ म्हणजे किरकोळ नाही, स्प्रिंगबॉक्सने पाच ट्राय मारले होते. आजच्या हिशोबात तो धुव्वाच.

खेळिया
माहितीपूर्ण धागा. पण एक विनंती, खेळात राजकारण आणू नका प्लीज. तिकडे कोणाला घेतलं कोणाला नाही हे ते ते देश बघतील, आपण खेळ एंजॉय करावा. एवढी सुंदर रायव्हलरी आहे, तिला कशाला हा रंग द्यायचा.

चिंच_गूळ
रंग त्यांनीच दिला होता ना पण खेळियाभाऊ :)

आबा_पुणेकर
खेळिया, तुमचं वाक्य मी पहिल्यांदा १९७४ साली ऐकलं, आमच्या वाड्यात, तेव्हा मी सतरा वर्षांचा. त्या वर्षी डेव्हिस कपात आपण ऑस्ट्रेलियाला हरवलं, मग रशियाला हरवलं, ती रशियाबरोबरची लढत आमच्या पुण्यातच झाली. विजय आणि आनंद अमृतराज. भारत फायनलला! आम्ही पोरं रस्त्यावर चुन्याच्या रेघा मारून टेनिस खेळायला लागलो होतो, रॅकेट एकाकडेच, बाकीच्यांच्या फळ्या. फायनलला समोर दक्षिण आफ्रिका. आणि सरकारने सांगितलं, खेळायचं नाही. कप त्यांना न खेळता मिळाला. माझे वडील म्हणाले बरोबर केलं, थोरले काका म्हणाले खेळात राजकारण आणलं, आणि त्या दोघांमध्ये त्या रात्री जेवणाच्या पाटावर जे झालं ते आमच्या आईने वाढणं थांबवल्यावर मिटलं.

मला तेव्हा काकांचं पटलं होतं. खोटं कशाला बोलू, फायनल हुकल्याचं वाईट मला आजही वाटतं. पण ज्या देशात अमृतराज बंधूंना गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला बसता आलं नसतं त्या देशाशी खेळून कप आणायचा म्हणजे काय, हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

वायकाटोवाला
आबा, नमस्कार घ्या. तुम्ही लिहिलंत तीच गोष्ट इथे १९८१ ला घराघरात झाली, तिकडेच येतोय. मधलं पटापट सांगतो.

१९६० ला "माओरी नाहीत तर दौरा नाही" म्हणून दीड लाखावर सह्यांचा अर्ज गेला, न्यूझीलंडची लोकसंख्या तेव्हा कशीबशी चोवीस लाख. दौरा झालाच. १९६७ चा दौरा मात्र रद्द झाला. १९७० ला आफ्रिका सरकारने तोडगा काढला, माओरी आणि सामोअन खेळाडू येऊ देत, त्यांना आम्ही "मानद गोरे" समजू. मानद गोरे! डी.लिट. देतात तसं. सिड गोइंग, ब्रायन विल्यम्स वगैरे त्यावर खेळून आले.

१९७३ चा त्यांचा इकडचा दौरा पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी थांबवला. १९७६ ला आफ्रिकेतल्या सोवेटोत पोलिसांनी शाळेतल्या पोरांवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर काही दिवसांतच ऑल ब्लॅक्स तिकडे खेळायला रवाना. नतीजा काय, तर न्यूझीलंडला बाहेर काढत नाही म्हणून वीसहून जास्त देशांनी, बहुतेक सगळे आफ्रिकन, मॉन्ट्रियल ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. रग्बी ऑलिम्पिकमध्ये नव्हतंसुद्धा! एका रग्बी दौऱ्यापायी केनिया-इथिओपियाचे धावपटू सामान बांधून घरी गेले.

आता १९८१. स्प्रिंगबॉक्स इकडे. पंतप्रधान मल्डून म्हणाले सरकार रग्बीत पडणार नाही. कॅप्टन ग्रॅहम मौरीने खेळायला नकार दिला. दुसरीच मॅच आमच्या हॅमिल्टनला, २५ जुलै, रग्बी पार्कवर (आजचं वायकाटो स्टेडियम त्याच जागी आहे, माझ्या घरापासून गाडीने सात मिनिटं). वर्णभेदाविरोधी आंदोलकांनी कुंपण पाडलं, तीन-साडेतीनशे लोक मैदानाच्या मधोमध हातात हात अडकवून उभे. त्यात बातमी आली की एक जण छोटं विमान घेऊन निघालाय आणि स्टेडियमच्या दिशेने येतोय. पोलिसांनी मॅच रद्द केली.

माझे शेजारी, आता पंच्याहत्तरीचे, त्या दिवशी स्टँडमध्ये होते. तिकीट काढून, मफलर घालून, मॅच बघायला. ते मला सांगतात, मैदानातल्या त्या घोळक्यात हेल्मेट घातलेली एक बाई होती आणि ती माझी सख्खी मेहुणी होती. रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा स्टँडमधून बिअरचे कॅन, बाटल्या सुटल्या त्या घोळक्यावर. "मी फेकला नाही," असं ते दरवेळी म्हणतात, मी विचारलेलं नसतानाही. पुढे अकरा वर्षं ख्रिसमसला दोन जेवणं व्हायची त्यांच्या सासरी, दुपारचं एकाचं आणि रात्रीचं दुसऱ्याचं, सासूबाई दोन वेळा टर्की भाजायच्या.

आझादमैदान
बापरे. आणि ती ईडन पार्कची मॅच, पिठाची!

वायकाटोवाला
हो ना. हॅमिल्टननंतर पोलिसांनी पुन्हा माघार घ्यायची नाही असं ठरवलं. लांब लाठ्या, मैदानाभोवती काटेरी तारा. चारच दिवसांत वेलिंग्टनला मोलस्वर्थ स्ट्रीटवर मोर्चावर लाठ्या चालल्या, हे असलं ह्या देशाने कधी बघितलं नव्हतं. छप्पन दिवसांच्या त्या दौऱ्यात दोनशेवर निदर्शनं, दीड लाखावर लोक रस्त्यावर, पंधराशे जणांवर खटले.

क्राइस्टचर्चला आम्ही १४-९, वेलिंग्टनला ते २४-१२, तिसरी १२ सप्टेंबर ईडन पार्क. मॅच चालू असताना एक सेसना विमान मैदानावरून घिरट्या घालतंय, इतकं खाली की गोलपोस्टला लागेल की काय, आणि त्यातून पिठाच्या पिशव्या आणि पत्रकं टाकतायत. एक पिशवी आमच्या गॅरी नाइटच्या डोक्यात बसली, एवढा दांडगा प्रॉप आडवा. खेळ थांबेना. त्यात त्यांच्या रे मॉर्टने तीन ट्राय मारलेले, २२-२२, इंज्युरी टाइम आणि आमच्या ॲलन ह्यूसनने पेनल्टी (समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळालेली किक) मारली. २५-२२.

क्रिकेटमध्ये पिचवर कुत्रं आलं तरी आपण खेळ थांबवतो. इथे आकाशातून पीठ पडत होतं आणि स्कोअरकार्ड बघाल तर नुसतं २५-२२, ह्यूसन. मी म्हणतोय ते हेच.

आणि उपरोध बघा, मल्डून दोन महिन्यांनी निवडणूक जिंकले, काठावर का होईना. विमानवाला तुरुंगात गेला.

खेळिया
बरं, मान्य, ह्या दोन टीमच्या बाबतीत वेगळं करता येत नसेल. पण मग खेळाडूंचं काय, त्यांची करिअर गेली ना मधल्या मधे. डॅनी गर्बर, नास बोथा, किती जणांना आपण पाहिलंच नाही धड.

आबा_पुणेकर
गेली. आणि ज्यांची कधी सुरूच झाली नाहीत त्यांची नावं तुम्हाला मला कोणालाच माहीत नाहीत.

स्कोअरबोर्ड
नंतरचं थोडक्यात मी जोडतो. १९८५ चा ऑल ब्लॅक्सचा दौरा न्यूझीलंडच्या कोर्टाने अडवला, दोन वकिलांनी दावा लावला होता की ह्याने खेळाचं भलं होत नाही, जे रग्बी युनियनच्या घटनेतच लिहिलंय. १९८६ ला निवडलेल्यांपैकी बहुतेक सगळे "कॅव्हेलिअर्स" नावाने बिनपरवानगी जाऊन खेळून आले. डेव्हिड कर्क आणि जॉन कर्वन गेले नाहीत. पुढच्याच वर्षी पहिला वर्ल्डकप, कप उचलणारा कॅप्टन कोण, तर कर्क. आफ्रिका त्या वर्ल्डकपात नव्हती, १९९१ च्याही नाही.

१५ ऑगस्ट १९९२, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, अकरा वर्षांनी टेस्ट. ठरलं होतं की जुनं राष्ट्रगीत वाजवायचं नाही. तरी वाजवलं, आणि शांतता पाळायची तेव्हाही पब्लिक गातच होतं, जुने झेंडे घेऊन. न्यूझीलंड २७-२४.

टेबलमाउंटन
फक्त वाचायचं म्हणून आलो होतो पण आता लॉगिन केल्याशिवाय राहवेना. मी सहा वर्षं केपटाऊनला आहे. माझे घरमालक चाचा कोकणी मुसलमान, त्यांचे आजोबा रायगडातल्या मोरब्याहून इकडे आले. केपटाऊनला कोकणी लोकांची मोठी वस्ती आहे, कितीतरी पिढ्या झाल्या. चाचांचं मराठी म्हणजे "भाकर", "म्हावरं", "इकडं ये" आणि दोन अशा शिव्या ज्या मी माझ्या आजीनंतर पहिल्यांदा ऐकल्या. बाकी सगळं इंग्रजी आणि आफ्रिकान्स.

तर चाचांच्या हॉलमध्ये भिंतीवर मक्केचा फोटो आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये ऑल ब्लॅक्सची काळी जर्सी. मला वाटलं कोणी नातेवाईक न्यूझीलंडला असेल. तर म्हणे नाही, आम्ही कायमचेच ऑल ब्लॅक्सचे. १९७० ला ते बारा वर्षांचे होते, न्यूलँड्सच्या मैदानात गोरे सोडून बाकीच्यांना वेगळ्या कोपऱ्यात उभं करायचे, तिथे वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी टेस्ट बघितली. न्यूझीलंड ९-८. तो अख्खा कोपरा नाचत होता म्हणाले, आणि बाकीचं सगळं स्टेडियम चिडीचूप. "ब्रायन विल्यम्स माझ्यासारखा दिसत होता," एवढंच म्हणाले. मानद गोरा हा शब्द वावांनी वर लिहिलाय, तो मी त्यांना विचारला तर म्हणे हो, पेपरात वाचला होता, आम्ही घरात एकमेकांना म्हणायचो, चहा आण रे मानद गोऱ्या.

असे हजारो लोक आहेत इथे, केप क्रुसेडर्स म्हणतात त्यांना. आपल्याच देशात राहून पाहुण्या टीमला सपोर्ट करतात, आजही.

चिंच_गूळ
हे फार भारी आहे. पण १९९५ नंतर तरी बदलले असतील ना? मंडेलांनी ती जर्सी घातली ते मलासुद्धा माहितीये, पिक्चर पाहिलाय.

टेबलमाउंटन
मी पण अगदी हेच विचारलं होतं ताई. २४ जून १९९५, वर्ल्डकप फायनल, मंडेला सहा नंबरची हिरवी जर्सी, स्प्रिंगबॉक्सचा कॅप्टन पिनारची, घालून मैदानात आले. चाचा म्हणाले, मी टीव्हीसमोर उभा राहून रडलो. मग मॅच सुरू झाली आणि मी ऑल ब्लॅक्सच्या बाजूने ओरडायला लागलो. त्या पंधरा जणांत चेस्टर विल्यम्स एकटा आमच्यातला होता, चौदा बाकी. "मंडेला माफ करू शकतो, तो मंडेला आहे. मी तर फिटर आहे."

आझादमैदान
"मी तर फिटर आहे" _/\_

त्या फायनलबद्दल थोडं रग्बी पण बोलूया. एकही ट्राय नाही! न्यूझीलंडच्या लोमूने सेमीफायनलला इंग्लंडची चार ट्राय मारून वाट लावली होती, आणि फायनलला त्याला श्वास घेऊ दिला नाही. एकशे वीस किलोचा माणूस फुल स्पीडमध्ये येतोय आणि आफ्रिकेचा योस्ट व्हॅन डर वेस्टहायझन, जो स्क्रमहाफ, म्हणजे टीममधल्या लहान चणीच्या लोकांची जागा, तो एकटा त्याच्या पायात घुसून त्याला आडवा करतो. मी ती टॅकल पोरांना शिकवताना दाखवतो. आफ्रिकेच्या स्ट्रान्स्कीने पंधराच्या पंधरा पॉइंट मारले, मर्टन्सने समोरून बाराच्या बारा, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल (चालू खेळात बॉलचा टप्पा पाडून पोस्टमधून मारलेली किक). १५-१२. मॅचआधी अख्खं जम्बो जेट स्टेडियमच्या डोक्यावरून गेलं ते वेगळंच. १९८१ ला सेसना, १९९५ ला ७४७, ह्या दोघांना विमानाशिवाय जमत नाही बहुतेक.

वायकाटोवाला
आणि सुझी! इथे टॅक्सीवाल्याला पण विचारा. फायनलच्या दोन दिवस आधी निम्मी टीम उलट्या-जुलाबांनी आडवी. कोच लॉरी मेन्स म्हणत राहिले की हॉटेलात सुझी नावाच्या वेट्रेसने मुद्दाम काहीतरी घातलं. आजपर्यंत सिद्ध काही झालेलं नाही. मॅचनंतरच्या जेवणात आफ्रिकन बोर्डाचे अध्यक्ष लुइस लाइट भाषणात बोलले की आम्ही नव्हतो म्हणून १९८७ आणि १९९१ चे चॅम्पियन खरे नव्हेतच, त्यावर आमची टीम उठून निघून गेली. पोट आधीच बिघडलेलं, त्यात हे.

१९९७ ला मात्र सगळं वसूल केलं, पहिल्यांदा आफ्रिकेत सिरीज जिंकली. प्रिटोरियाला शेवटची शिट्टी झाल्यावर आमचे खेळाडू जिथे होते तिथेच मैदानावर आडवे झाले, उठायचं त्राण नव्हतं.

स्कोअरबोर्ड
१९९६. २४ ऑगस्ट, ३३-२६, कॅप्टन शॉन फिट्झपॅट्रिक. १९२८ पासून धरलं तर अडुसष्ट वर्षं लागली.

वायकाटोवाला
हो हो १९९६, टायपो. स्कोअरबोर्ड साहेब असताना माणूस चुकूही शकत नाही :)

चिंच_गूळ
मग तेव्हापासून आतापर्यंत काय? सगळं गोडीगुलाबीत?

आझादमैदान
गोडीगुलाबी कसली. २००२ ला डर्बनला एक प्रेक्षक मैदानात घुसून रेफरीच्या अंगावर पडला, रेफरीचा खांदा निखळला. २०१७ ला न्यूझीलंडने ऑल्बनीला ५७-० केलं, वाटलं संपले हे, तर पुढच्या वर्षी वेलिंग्टनला येऊन ३६-३४ जिंकून गेले. २०१९ वर्ल्डकपला पहिलीच मॅच न्यूझीलंडकडून हरले आणि कप घेऊन गेले, गटात हरून कप जिंकलेली पहिली टीम. २०२१ ची शंभरावी टेस्ट कोविडमुळे ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला, म्हणजे शंभरावा वाढदिवस आणि तो शेजाऱ्याच्या घरी. १९-१७ न्यूझीलंड.

आणि २०२३ ची फायनल, पॅरिस. न्यूझीलंडच्या सॅम केनला रेड कार्ड, फायनलमधलं पहिलंच, चौदा जणांनी खेळून न्यूझीलंड ११-१२. आफ्रिकेच्या पोलार्डच्या चार पेनल्टी, बस. शेवटी शेवटी जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी बाजूने गेली. ती आत गेली असती तर...

वायकाटोवाला
नको. त्या पेनल्टीबद्दल नको.

टेबलमाउंटन
ती फायनल मी चाचांच्याच घरी बघितली म्हणून सांगतो. सिया कोलिसी २०१८ ला कॅप्टन झाला, स्प्रिंगबॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय टेस्ट कॅप्टन, तेव्हापासून त्यांच्या घरात फूट आहे. मुलगा तळ्यात मळ्यात, नातू पक्का हिरवा, चेझलिन कोल्बी त्याचा देव, कारण कोल्बी इथलाच, केपटाऊनचा. चाचा फ्रेम उघडून काळी जर्सी घालून बसलेले, पोटावर घट्ट झालेली. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली आणि कोल्बीला यलो कार्ड. तो बाहेर खुर्चीवर बसला आणि त्याला बघवेना म्हणून जर्सी तोंडावर ओढून घेतली. इकडे नातवाने पण तेच केलं, जर्सी तोंडावर. मी चाचांकडे बघितलं तर त्यांनी पण रुमाल तोंडावर धरलेला. आता ते बॅरेटची पेनल्टी हुकली म्हणून की कोल्बी बाहेर गेला म्हणून, हे मी विचारलं, तर म्हणाले घाम पुसत होतो. ऑक्टोबरात. रात्री.

आबा_पुणेकर
सुरेख. मला टीव्हीवर १९९१ ची ईडन गार्डन्सची क्रिकेट मॅच आठवली, आफ्रिका एकवीस वर्षांनी परत आली ती पहिली आपल्याच देशात. मी थोरल्या काकांकडे जाऊन बघितली. काका म्हणाले, झालं का तुमचं समाधान? आणि पूर्ण वेळ डोनाल्डच्या बोलिंगचं कौतुक करत बसले.

वायकाटोवाला
आबा _/\_
एक राहिलं. २०१० ला न्यूझीलंड रग्बीने वगळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर माफी मागितली, आफ्रिकेच्या बोर्डानेही मागितली. तोवर नेपियाला जाऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि रणजी विल्सनला तर सत्तावन्न.

शेजाऱ्यांना मी वेलिंग्टनच्या मॅचनंतर विचारलं, कशी वाटली. म्हणाले ४३-१० ठीक आहे, निदान मॅच पूर्ण तर झाली.

चिंच_गूळ
पुढची कधी आहे? आता मी बघणारच. ट्राय, पेनल्टी, ड्रॉप गोल तीनही कळलं मला.

टेबलमाउंटन
२०२६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ताई, ऑल ब्लॅक्स इकडे येतायत, जुन्या पद्धतीचा लांब दौरा, टेस्टच्या आधीमधे इथल्या लोकल टीमशीही मॅचेस. केपटाऊनला एक टेस्ट आहे. नातवाने चाचांना सांगून ठेवलंय की हिरवी घातलीस तरच माझ्या गाडीतून नेईन. चाचांनी कालच ट्रेनचं टाइमटेबल माझ्याकडून छापून घेतलं.